रविवारचा बार

“रविवारी बार उडवून टाकायचा, ताई! आता माघार नाही!”

स्पीकरमधून मिस्त्रींचाच आवाज असा काही गडगडला की कोर्टातल्या टायपिस्टबाई दचकल्या. आरोपीच्या पिंजऱ्यात मिस्त्रींनी मान खाली घातली. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. अर्धं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून दहाव्या मजल्यावरच्या माणसाला हाका मारण्यात गेलेलं, त्यात ताईला ऐकू येतं निम्मंच.

फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुढे सरकलं. “जागा बघून ठेवलीय. गर्दी तोबा होणार. सामान गुपचूप आणलंय, पोरीला पत्ता लागू द्यायचा नाही. एकदा बार उडाला की मी सुटलो बघ!”

सरकारी वकील उठला. पोरगेलासाच होता. कोट नवा, आणि कायदाही नवाच, तोंडपाठ केलेला. “मॅडम, दहशतवादविरोधी नव्या कायद्यात कटाची भाषासुद्धा गुन्हा आहे. जागा, गर्दी, लपवलेलं सामान आणि पळून जायचा बेत, सगळं आरोपीच्याच तोंडचं. सामान कुठे आहे विचारलं तर एकच उत्तर देतो, ‘रविवारी कळेल!’ शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. आरोप बिनबुडाचा आहे अशी तुमची खात्री पटल्याशिवाय त्याला सोडता येणार नाही.”

मागच्या बाकावर मिस्त्रींच्या बायकोनं तोंडावर हात धरला. शेजारी लेक बसली होती, हुंदका दाबून. रविवार परवावर आला होता आणि तिनं बापाला निक्षून सांगितलं होतं, “बाबा, तुम्ही सुटल्याशिवाय मी लग्नाला उभी राहायची नाही.” मिस्त्रींना जन्मठेपेपेक्षा त्या वाक्याचाच घोर लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, बार कशाचा उडतो हे काय कुणाला कळत नव्हतं? फोन ऐकणाऱ्या यंत्राला कळलं नाही, हे मान्य. ते बिचारं कधी कुणाच्या लग्नाला गेलेलं नाही. त्यानं शब्द पकडला आणि लाल दिवा लावला. पण पुढे माणसंच होती की! फौजदाराला कळलं, तो खो खो हसलासुद्धा. पण नव्या कायद्यात एक कलम होतं, की यंत्राचा इशारा जो अधिकारी दाबून ठेवील तोही आरोपी. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? त्यानं हसू पुसलं आणि प्रकरण वर पाठवलं. वरच्यानं आणखी वर. त्यात मिस्त्रींनी ‘रविवारी कळेल’ म्हणून आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

मिस्त्रींचे वकील उठू लागले. न्यायाधीशबाईंनी त्यांना हातानंच बसवलं, चष्मा काढला आणि सरकारी वकिलाकडे वळल्या.

“बोटात नवी अंगठी दिसतेय. लग्न ठरलं वाटतं?”

“हो, मॅडम.” तो चक्क लाजला.

“अरे वा! अभिनंदन. मग बार कधी उडवताय?”

“पुढच्याच महिन्यात, मॅडम. हॉल मिळाला की लगे...”

आणि त्यानं जीभ चावली.

टायपिस्टबाई फिसकन हसल्या. मग शिपाई हसला, मग वकील मंडळी, आणि बघता बघता अख्खं कोर्ट खदाखदा हसायला लागलं. वकिलाचे कान लालबुंद झाले. पण पोरगा मनाचा सरळ. त्यानं फाइल मिटली, म्हणाला, “मॅडम, यांना सोडायला सरकारची हरकत नाही,” आणि पिंजऱ्याकडे वळून हळूच म्हणाला, “काका, माफ करा.”

“कायदा कडक असू दे,” हसू आवरत बाई म्हणाल्या, “हलक्या कानाचा नको. यांना आत्ताच्या आत्ता मोकळं करा. पण मिस्त्री, त्या सामानाचं काय ते आता सांगूनच टाका.”

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. आता इलाजच नव्हता. “व्हायोलिन आहे, बाई. लिफ्टच्या मशीनरूममध्ये, हत्यारांच्या कपाटात ठेवलंय. शाळेत असताना मागितलं होतं तिनं. तेव्हा नाही जमलं.”

“बाबा!” लेक रडता रडता हसली, आणि कोर्ट आहे वगैरे न बघता पिंजऱ्याकडे धावत सुटली. मिस्त्रींना तर आनंदानं काय करू न काय नको असं झालं. पिंजऱ्याचं दार कुठल्या बाजूनं उघडतं हेच त्यांना सापडेना.

बाहेर व्हरांड्यात फोन परत मिळाला. मिस्त्रींनी पहिल्यांदा ताईला लावला.

“ताई, रविवारी बा...”

दाराशी हवालदार उभा होता. मिस्त्रींनी शब्द गिळला, आवाज खाली आणला आणि एकेक शब्द तोलून म्हणाले, “ताई, रविवारी आपल्या कन्येचा विवाहसोहळा ठरल्याप्रमाणे संपन्न होणार आहे.”

“कोण बोलतंय?” ताईनं विचारलं.

“मी गं. तुझा भाऊ.”

“चल, काहीतरीच! माझा भाऊ असा बोलत नाही. खरं सांग, कोण आहेस तू?”

मिस्त्रींनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं मिस्त्रींकडे पाहिलं. मग त्यानं काठी काखेत धरली, भिंतीकडे तोंड केलं आणि वात पेटवल्यावर पोरं घालतात तशी दोन्ही कानांत बोटं घातली.