ओढ्यापल्याडचा चहा

पुरात वाहून गेलेल्या पुलांपैकी आधी कुठला बांधायचा, हे धाराशिवच्या ऑफिसात दीपाली मॅडम कॉम्प्युटरवरच्या नकाशावरून ठरवत होत्या. ओढा ओलांडला की गावकऱ्यांनी मोबाइलवर नोंद करायची. जिथं ये-जा जास्त, तिथला लाल ठिपका मोठा, आणि तो पूल आधी.

ईट गावाजवळच्या एका ओढ्याचा ठिपका मोहरीएवढा होता. पलीकडं एकट्या अयोध्याआजींचं घर. पण आठवड्याभरात तो ठिपका फुगून भाकरीएवढा झाला, तेव्हा मॅडम गाडी काढून स्वतःच बघायला आल्या.

बघतात तर धोतरं, लुगडी वर खोचून सगळं गाव गुडघाभर पाण्यातून पलीकडं निघालेलं.

"पलीकडं एवढं काय काम असतं?" त्यांनी शिवशंकर नावाच्या गावकऱ्याला अडवून विचारलं.

"चहा, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "आजीचा पूल शेवटच्या नंबरावर व्हता. मग गावानं ठरवलं, रोज तिच्याकडंच चहा प्यायचा. दूध-साखर आमीच नेतो."

मॅडमना हसू आवरेना. चपला हातात घेऊन त्याही ओढ्यात उतरल्या. पल्याड अंगणभर माणसं आणि मधोमध चुलीपाशी आजी. आजींनी कप पुढं केला.

"आजी, तुमच्या पुलाचं लवकर बघते मी," मॅडम म्हणाल्या.

आजींनी पदरानं कपाळ पुसलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "दमानं घे, माय. पूल व्हता तवा कुनीच येत नव्हतं."