वाघ : नऊ चाळीस ते नऊ चव्वेचाळीस

आमची प्राणिसंग्रहालयाची सहल झालीच नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण रविवारी सकाळी सातला आम्ही चौघंही बूट घालून तयार होतो आणि बाबा वेळापत्रक वाचून दाखवत होते.

"वाघ नऊ चाळीस ते नऊ चव्वेचाळीस. मत्स्यालय अकरा दहा."

बाबा एसटी स्टँडवरून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेत. ताई दुसऱ्या दिवशी कायमची कॅनडाला चालली होती, त्यामुळे एक मिनिटही वाया जाता कामा नये, म्हणून आधी घरातच रंगीत तालीम. फ्रिज म्हणजे वाघ. वॉशिंग मशीनची गोल काच म्हणजे मत्स्यालय. आत मोजे पोहत होते.

"वाघापाशी सहा मिनिटं? पुन्हा!" बाबा येरझाऱ्या घालत ओरडले.

"वाघाकडे कालचं श्रीखंड होतं," मी म्हणालो.

"आणि हे मासे वाळत कोण घालणार?" आईने विचारलं.

अकराव्या तालमीला चार वाजले. तिकीटखिडकी पाचला बंद होणार होती. ताईने वैतागून कागद ओढून घेतला. "बाबा, यात परतीची वेळच नाहीये."

बाबा मोज्यांकडे बघत राहिले. "परत आलो की तू बॅगा भरायला घेशील."

ताई फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. "पुन्हा," म्हणाली.

मग मी कागदाच्या मागे अर्ज लिहिला, बाबांनी खाली सही केली: 'प्रवाशांच्या सोयीसाठी सोमवार रद्द करून रविवारच्या जादा फेऱ्या सोडाव्यात, ही नम्र विनंती.'