बेताचं गरम

काचेच्या भट्टीपुढे जन्म गेला, त्यात सासऱ्यांची बोटं बधिर झाली. अर्धांगाच्या झटक्यात सासूबाईंचा उजवा पाय. तरी रोज दुपारी सासरे वाटीत तेल तापवून आणायचे आणि तोच पाय चोळत बसायचे.

"चटका नाही ना बसत?"

"नाही हो, अगदी बेताचं आहे."

आज सुनेला राहवलं नाही. "मामंजी, तुमच्या बोटांना कळत नाही, त्यांच्या पायाला कळत नाही. मग हे सुख नेमकं कुणाला? निदान डावा तरी चोळा."

सासूबाईंनी डावा पाय पोटाशी ओढून घेतला. "ह्याचं मी बघते. त्या बिचाऱ्याला कोण आहे?"

सून वाटी उचलायला वाकली. वाटीला बोट लागलं, तर तेल थंडगार. गॅस पेटवायचाच राहिला होता.

"जपून गं, भाजेल," सासरे म्हणाले.

तिने फडकं घेतलं आणि वाटी धरली.