गुरुवारची खोली

काच फुटल्याचा आवाज ऐकून शिट्टीसर मैदानावरून धावत आले, तेव्हा बक्षिसांच्या कपाटासमोर ती उभी होती. हातात फळ्याचा लाकडी डस्टर, पायाशी काचांचा खच. पळून जाणं तर सोडाच, ती जागची हललीही नव्हती.

"बाजूला हो आधी, पायात काच जाईल," सर म्हणाले. डस्टर तिच्याच हातात कसा, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. काचा वेचायला थांबली असेल, असं ते धरून चालले.

ही मुलगी म्हणजे शाळेची शान. आई गेली त्या वर्षीसुद्धा तिने पहिला नंबर सोडला नव्हता. सकाळी धाकट्या भावाला खाऊ घालून, त्याचा भांग पाडून, बोटाला धरून ती त्याला शाळेत आणायची आणि घंटेआधी स्वतःच्या वर्गात हजर असायची. "हिच्याकडे बघा जरा. एवढं आभाळ कोसळलं, पण डोळ्यांत कधी पाणी पाहिलंत?" असं सांगून सांगून वर्गाच्या बाईंनी बाकीच्या पोरांना नको नको करून सोडलं होतं. सरांना तर तिचं कोण कौतुक. घरी जेवताना ते आपल्या लेकीला तिच्याच गोष्टी ऐकवायचे आणि लेक ताट घेऊन आत जाऊन बसायची.

सर खेळाचे, आणि शिस्तीचं खातंही त्यांच्याकडेच. त्यांची शिट्टी वाजली की छपरावरची कबुतरंसुद्धा रांगेत बसतात, असं पोरं म्हणत. यंदा त्यांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं. वस्तीतल्या आरोग्य केंद्राने शाळेशी बोलून एका ताईंना दर गुरुवारी पाठवायला सुरुवात केली होती. मुलांच्या मनात काय चाललंय ते ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. नकाशांची जुनी खोली त्यांना मिळाली. ताई यायच्या, खुर्ची खिडकीशी ओढायच्या आणि दार उघडं ठेवून वाट बघत बसायच्या. तिकडे कुणी फिरकेना. मुलं येणार नसतील तर ताईंना दुसऱ्या शाळेत देऊ, असा केंद्राचा निरोप आला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी सरांकडे पाहिलं आणि सरांनी कंबर कसली. मुलांना कुठेही पाठवायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. मारामारी केली, जा ताईंकडे. शिव्या दिल्या, जा ताईंकडे. तोडफोड केली तर विचारायलाच नको.

आणि खरं सांगायचं तर गुण आला. वर्गातला एक दांडगा, ज्याला सगळे रेडा म्हणत, तो फुरफुरत आत गेला आणि बाहेर आला तो थेट नळावर तोंड धुवायला. त्यानंतर त्याची एक तक्रार नाही. "आत रडलं तरी चालतं रे," असं तो दोस्ताला हळूच सांगताना सरांनी ऐकलं होतं. ताई उपदेश करत नसत. दाराबाहेरून ऐकू यायचा तो मुलाचाच आवाज, आणि तोही बराच वेळ. इतकं मन लावून ऐकणारं माणूस सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "ताई, तुमच्या कानांना नमस्कार," ते एकदा म्हणाले होते, आणि ते काही थट्टेने नव्हे.

फक्त एक झालं. त्या खोलीला वाया गेलेल्यांची खोली असं नाव पडलं. एकदा त्या दारात कुणी दिसलं की शाळाभर बभ्रा व्हायचा.

शिपाईमामा झाडू घेऊन आले. "कुणाचा प्रताप हा, सर? बरं झालं, आज गुरुवारच आहे. ताई बसल्यात."

"वाऱ्याने दार आपटलं कपाटाचं," सर म्हणाले.

मामांनी कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि ते झाडायला लागले.

"वारा नव्हता, सर," ती म्हणाली. "मी फोडली."

"हातातून निसटला असेल डस्टर. होतं असं."

"निसटला नाही. दोनदा मारला. पहिल्यांदा फुटली नाही."

सरांनी तिला दंडाला धरून जिन्याखाली नेलं. पोर असं बोलतेय म्हणजे घाबरली आहे, असं त्यांना वाटलं. या एका चुकीने तिच्या नावाला डाग लागणार, उद्या हीच पोरं तिच्याकडे बोट दाखवून हसणार, हे त्यांना आत्ताच दिसायला लागलं. काही झालं तरी हिला वाचवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा आपला आवाज त्यांनी अगदी खाली आणला.

"हे बघ बाळ, तू गुपचूप वर्गात जा. काच मी बसवून घेतो. मामा कुणाला सांगणार नाहीत. आम्हा सगळ्यांना तुझा केवढा अभिमान आहे, तुला कल्पना नाही. तुझ्यासारख्या गुणी मुलीला त्या खोलीत मी कधीच पाठवणार नाही."

आता ती मान हलवेल आणि जाईल, म्हणून ते थांबले.

ती गेली नाही. व्हरांड्याच्या टोकाला नकाशांच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने तिकडे पाहिलं, कपाटाच्या धड राहिलेल्या दुसऱ्या काचेकडे पाहिलं आणि अगदी शहाण्या मुलीसारखं, हळू आवाजात विचारलं,

"मग तिथं जायला मी अजून काय फोडू, सर?"