एकटीचा सराव

घरातल्या शांततेत वाटी खणकन पडली आणि बॅग उचलणारी शाल्मली दचकली. जोडीनं नाचायच्या बॉलरूम नृत्यनाट्याचा तिचा पाच महिन्यांचा दौरा आज सुरू होत होता. टॅक्सी खाली येऊन थांबली होती.

स्वयंपाकघरात तिची चार वर्षांची मुलगी रेणू, उंच माणसाला धरल्यासारखे हात वर करून मागे मागे पावलं टाकत नाचत होती. तिच्याच धक्क्यानं स्टुलावरची वाटी पडली होती.

"कुणाबरोबर नाचतेयस गं?"

"तुझ्याबरोबर! बाबा म्हणाले, जोडीदार नसला की आई असाच सराव करते. मागच्या वेळी तू गेलीस ना, तेव्हा मी रोज केला."

खाली हॉर्न वाजला. "निघ गं," नवरा हळूच म्हणाला, "नाहीतर तुझी जागा दुसरीला देतील."

शाल्मलीला बॅग उचलवेना. रेणूनं नाच थांबवला, पण हात खाली घेतले नाहीत.

"आई, तिकडे तूपण मला असंच धरतेस?"