पांढरी अक्षरं

भाग्यश्रीनं सगळा मजकूर निवडला आणि अक्षरांना दिलेला रंग एकदम काढून टाकला. एकसष्टाव्या पानावर अर्धं पान कोरं होतं. ते तिच्या डोळ्यांदेखत भरलं.

तिला वाटलं, फाइल बिघडली. पण अक्षरं धड होती. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच रंगात टाइप केलेली, म्हणून इतके दिवस दिसली नव्हती.

शिरूरमधल्या आपल्या घरी बसून ती लोकांची पुस्तकं मोबाइलवर नीट वाचता येतील अशी करून द्यायची. स्वतःच पुस्तक काढणारी माणसं असत. निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. एंटर दाबदाबून ते पान संपवायचे आणि फोनवर त्याचे नुसते कोरे पडदे व्हायचे. वाचणाऱ्याला वाटायचं, पुस्तक संपलं. रंगही काढावाच लागे. कुणी फोनवर पाठीमागं काळं ठेवून वाचतं, तिथं काळी अक्षरं बुडून जातात.

हे आत्मचरित्र दौंडच्या सोपानरावांचं होतं. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं सुपरवायझर होते. कंपनीचं नाव त्यांनी पुस्तकात कुठंच घेतलं नव्हतं. आपले वडीलही कुरकुंभलाच होते, हे भाग्यश्रीच्या मनात एकदा येऊन गेलं होतं. पण तिथं कंपन्या काय थोड्या आहेत?

ती वाचू लागली.

'वायू भरलेल्या टाकीतून बाहेर काढलं तेव्हा मच्छिंद्र गेलेला होता. त्याच्या तोंडावर मास्क होता. त्याच्या फिल्टरची मुदत आठ महिन्यांपूर्वीच संपली होती. साहेब यायच्या आधी मी पट्टे सोडून तो मास्क काढला, खुंटीला अडकवला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की कामगार मास्क न घालता आत गेला.'

खाली तारीख होती. वडील गेले ती तारीख.

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, तिसरी. ती उठली नाही. वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मच्छिंद्र आपल्याच हलगर्जीपणानं गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वर्गात बाईंनी सुरक्षेचे नियम शिकवताना त्याचंच उदाहरण दिलं होतं. भाग्यश्री तेव्हा दुसऱ्या बाकावर बसली होती. तिनं मान खाली घातली होती आणि वडिलांचा राग धरला होता. तो राग एकोणीस वर्षं तसाच होता.

तिनं सोपानरावांना फोन लावला. एकसष्टाव्या पानाबद्दल कसंबसं विचारलं.

"मच्छिंद्र माझे वडील होते," ती म्हणाली.

"ठावं हाय," सोपानराव म्हणाले. "चौकशी करूनच तुझ्याकडं पाठवलं. चार वर्सं झाली लिहून. पुसवत न्हाई, आन् माझ्या हातानं काळंबी व्हत न्हाई. आता तू म्हणशील तसं."

तिनं फोन ठेवला. रंग काढलेलं पुस्तक तिनं तसंच आपल्या मोबाइलवर घेतलं, गॅस बंद केला आणि दुपारच्या एसटीनं आईचं गाव, कवठे येमाई, गाठलं.

आई, भागुबाई, रानात गवार तोडत होती. अवेळी आलेली लेक बघून तिनं घरी सगळं बरं आहे ना, विचारलं. भाग्यश्री बांधावर बसली. तिनं ते पान उघडून फोनच आईच्या हातात दिला.

भागुबाई चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची. भाग्यश्रीनं अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. ओळी आपोआप मोडून खाली सरकल्या, एकही शब्द कापला गेला नाही. आता पडद्यावर तेवढंच होतं.

भागुबाई ओठ हलवत वाचत गेली. 'खुंटीला' या शब्दाशी थांबली. मागं गेली. पहिल्यापासून पुन्हा वाचलं. पदराच्या ओट्यातली गवार सगळी मातीत सांडली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

आई आता कोसळणार, म्हणून भाग्यश्री धरायला पुढं झाली. पण भागुबाई ताठ उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"शेवटचं तोंड बघितलं तवा त्येंच्या दोन्ही गालांवर पट्ट्याचं वळ व्हतं," ती म्हणाली. "म्या बघितलं व्हतं. पर साहेबानं कागद वाचून दाखवला, आन् मला वाटलं, माझ्याच बघण्यात काय तरी चुकलं."