आधीचा घोट

"कुणी पाठवलं तुम्हाला?" दाराची कडी न काढताच अण्णांनी आतून विचारलं.

"कुणी नाही. सातवीला गावचा इतिहास शिकवतेय," खालच्या आळीतल्या बाई म्हणाल्या. "दंगलीत दोन्ही आळ्या जळाल्या, मग गाव पुन्हा कसं उभं राहिलं, ते मुलांना तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

कुरकुरत अण्णांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. पाण्याचा तांब्या आणला आणि घोट घ्यायला आधी स्वतःच उचलला.

"पाहुण्यांच्या आधी तुम्ही?" एक मुलगी हसली.

"आमच्या वरच्या आळीच्या विहिरीत विष आहे, अशी तेव्हा आवई उठली होती. खालचं कुणी आमच्यात पाणी प्यायला तयार होईना. म्हणून आधी आम्ही घोट घ्यायचा, मग त्यांना द्यायचं. तिथून येणं-जाणं सुरू झालं. एकमेकांची घरं शाकारली."

"ते कधीचं! आता कशाला?" म्हणत मुलीनं तांब्या ओढून तोंडाला लावला.

"थांब! आधी त्यांना पिऊ दे!" बाई किंचाळल्या.

अण्णा बाईंकडे बघतच राहिले.

मुलीनं तोंड पुसलं आणि तांब्या पुढे केला. "मी प्याले ना आधी. आता तुम्ही प्या, बाई."